हात धरण्याचं शिक्षण

१
रात्री वसतिगृहात एखादं मूल भिंतीवर डोकं आपटायला लागतं, तेव्हा तिथं मानसतज्ज्ञ नसतो, विशेष शिक्षकही नसतो. काळजीवाहक असतो. प्रशिक्षणाची चर्चा त्याच्यापासून सुरू व्हायला हवी.

२
भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. विशेष शिक्षक, चिकित्सालयीन मानसतज्ज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ यांनी मान्यताप्राप्त पात्रता मिळवायची आणि केंद्रीय नोंदवहीत नाव घालायचं. ते नसताना काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी ठरावीक मुदतीनं नवी करावी लागते आणि मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. हे गुण मुख्यतः कार्यशाळेला, परिसंवादाला हजर राहिल्याचे असतात. मुलासोबत काम करताना कुणी शेजारी बसून पाहिलं का, हा रकाना त्यात नाही.

३
कराडकडची एक निवासी शाळा, जेवणाची वेळ. बारा-तेरा वर्षांचा मुलगा ताट ढकलतो आणि उजव्या हातानं कानशिलावर मारून घेतो. पुन्हा घास, पुन्हा मार. काळजीवाहक ताई मागून त्याचे दोन्ही हात धरतात.

"चार दिस झालं असंच चाललंय. गोळी वाढवून आणलीय."

घास चावतानाच मारतो, एरवी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग कान, दाढ कुणी पाहिली का?

"ते बघायचं आस्तंय, हे मला कोण सांगनार?"

दाढ किडलेली निघाली.

४
न बोलणाऱ्या मुलाचं वागणं एकाएकी बदललं तर आधी कान, दात, पोट. एवढं एका ओळीत शिकवता येतं.

५
१९८२ साली ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाला निरनिराळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं: काम सांगितलं तर, इजा करून घेतल्यावर कुणी जवळ येऊन बोललं तर, एकटं बसवलं तर, मोकळं खेळू दिलं तर. कृती तीच, पण एका मुलात ती काम टळावं म्हणून, दुसऱ्यात माणूस जवळ यावा म्हणून, तिसऱ्यात त्या संवेदनेपुरती. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढची पायरी दाखवली: मुलाला जे हवं आहे ते मागायचा दुसरा मार्ग शिकवा, मग मारणं-चावणं कमी होतं. यासाठी यंत्र लागत नाही. वही लागते, पेन लागतं आणि पाहायला शिकलेलं माणूस लागतं.

६
एका वहीतलं पान. तीन रकाने: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं.

मंगळवार, १२.१०. "पाट्या गोळा कर" म्हटलं. खाली बसला, मनगट चावलं. "राहू दे" म्हणून सोडून दिला.
बुधवार, ११.४०. मणी ओवायला बसवला. मनगट चावलं. उठवून बाहेर नेला.
गुरुवार, १२.०५. घड्या घालायला दिल्या. मनगट चावलं, रक्त आलं. काम काढून घेतलं.

पहिला आणि तिसरा रकाना एकत्र वाचणारं कुणी भेटलं, तर पुढच्या सोमवारी त्याच्या हातात "थांबूया" असं चित्र असलेलं कार्ड असेल. कुणी भेटलं नाही, तर पट्टीनं मनगट गुंडाळलेलं असेल.

७
सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेतल्या रीता पेशावरिया आणि एस. व्यंकटेशन यांनी १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाचा तक्ता तयार केला. पहिल्या भागात कौशल्यांची २८० कलमं, दुसऱ्या भागात त्रासदायक वर्तनाची ७५. दुसऱ्या भागात प्रत्येक कलमापुढे शून्य, एक किंवा दोन: कधीच नाही, अधूनमधून, वारंवार. म्हणजे साधन आपल्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ आहे. अनेक शाळांत ते दर वर्षी भरलंही जातं. भरलेला तक्ता समोर ठेवून "आता या मुलासाठी या महिन्यात काय करायचं?" असं काळजीवाहकासकट सगळ्यांनी बसून ठरवणं, ही त्यापुढची पायरी. ती क्वचित दिसते.

८
जतहून मिरजेला मुलीला घेऊन येणारी आई: "थेरपी आठवड्यातनं एकदा. बाकीचं सहा दिस थेरपी मीच. मला कोण शिकवतंय?"

९
अंगणवाडी सेविकेवर पर्यवेक्षिका असते. पर्यवेक्षिकेवर बालविकास प्रकल्प अधिकारी. १९७५ पासून ही साखळी आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाईंवर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य सहायिका, त्यांच्यावर वैद्यकीय अधिकारी. साखळी ढिली असेल, पण कुणी कुणाला विचारायचं हे ठरलेलं आहे. विशेष शाळेतल्या काळजीवाहकानं अवघड वर्तनाबद्दल कुणाला विचारायचं? मुख्याध्यापकांना. मुख्याध्यापकांनी?

१०
मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावायला शिकणारा पोरगा उस्तादाशेजारी बसतो. घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, उस्ताद मान हलवतो, पुन्हा कानस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत कुणी दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर वाद्य विकायला ठेवत नाही.

११
अमेरिकेतल्या वर्तन विश्लेषक प्रमाणन मंडळाचा सर्वांत खालच्या पायरीवरच्या तंत्रज्ञासाठीचा नियम: आधी ४० तासांचं प्रशिक्षण, मग दर महिन्याला जेवढे तास मुलासोबत काम केलं, त्यातल्या किमान ५ टक्के तासांवर वरिष्ठाची देखरेख. ज्याला विश्लेषक व्हायचं आहे त्यानं पदव्युत्तर शिक्षणाबरोबर साधारण २,००० तास देखरेखीखाली काम करायचं.

१ जानेवारी २०२३ पासून त्या मंडळानं भारतासह बहुतेक देशांतल्या नव्या उमेदवारांचे अर्ज घेणं थांबवलं. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलींना इकडे राहून ते प्रमाणपत्र मिळवायचा रस्ता बंद झाला. त्यामुळे आपली मोजपट्टी आपणच तयार करणं आता भाग आहे.

१२
हिशेब करून पाहिला. महिन्याला १६० तास काम करणारी मदतनीस. ५ टक्के म्हणजे ८ तास. आठवड्याला दोन तास कुणीतरी जाणतं माणूस तिच्या शेजारी. सातारा जिल्ह्यात ११ तालुके, सांगलीत १०. तालुक्याला एक अनुभवी पर्यवेक्षक नेमला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून २१ माणसं लागतात. त्यांना दुचाकीचा भत्ता आणि बसायला एक खोली. ही मागणी मोठी नाही.

१३
आरोग्याशी संलग्न व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक यांच्या रांगेत "वर्तन विश्लेषक" हा व्यवसाय आहे. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा, त्यात हे नाव वेगळं नव्हतं. नव्या कायद्यात ते आलं. आता दोन कायदे, दोन नोंदवह्या. मूल मात्र एकच असतं. त्याच्या पालकाला दोन्हींकडे चौकशी करायची वेळ येऊ नये.

१४
साताऱ्यात एका विशेष शिक्षिकेला नव्या मदतनीस ताईंना शिकवताना पाहिलं. मुलीनं ताईंचे केस मुठीत धरले. ताई ओरडल्या, डोकं मागे ओढायला लागल्या; मूठ आणखी घट्ट झाली. शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, "ओढू नका. तिची मूठ दोन्ही हातांनी तुमच्या डोक्यावरच दाबून धरा. आता गप्प राहा. काही बोलू नका." मूठ केसांच्या मुळाशी टेकली की ओढ बसत नाही, दुखणं थांबतं. अर्ध्या मिनिटात बोटं सैल झाली.

नंतर मुलगी बाहेर झोक्यावर असताना शिक्षिकेनं आधी स्वतःचे केस ताईंना धरायला देऊन करून दाखवलं. "आता मी तुमचे धरते. करून दाखवा." एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जमलं. मग खरा प्रश्न आला: "ती केस कधी धरते?" ताई विचार करून म्हणाल्या, "मी दुसऱ्या पोराला भरवायला वळले की."

सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, चुकलं तिथं लगेच दुरुस्त करणं. सगळं मिळून वीस मिनिटं गेली असतील.

१५
शाळा तपासणीनंतर शेरेबुकात आलेला शेरा: "परिसर स्वच्छ. अभिलेखे अद्ययावत ठेवावेत. मुलांची उपस्थिती समाधानकारक."

हवा असलेला शेरा: "इयत्ता तिसरीच्या वयाची मुलगी, केस ओढण्याचं प्रमाण मागील महिन्यात दिवसाला सरासरी किती, या महिन्यात किती, मदतनीस काय वेगळं करत आहेत ते प्रत्यक्ष पाहिलं."

१६
१९३९, औंध संस्थान. आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शेती करायची. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधींचं. आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा "दो आँखें बारह हाथ" आला. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत. खुनाच्या गुन्ह्यातल्या माणसांना बेडीशिवाय ठेवता येतं, हे या दोन जिल्ह्यांनी ऐंशी वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

१७
खुर्चीला ओढणीनं बांधलेलं आठ वर्षांचं मूल. बांधणाऱ्या बाईंकडे त्या वेळी एकटीकडे सतरा मुलं होती. ओढणी त्यांची स्वतःची होती.

१८
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी. एकांतात कोंडायला बंदी. शारीरिक अटकाव करायचा तर तातडीची इजा टाळण्याचा दुसरा उपायच उरला नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, लागेल तेवढ्याच वेळापुरता. शिक्षा म्हणून कधीच नाही. माणसं कमी आहेत या कारणानंही नाही. पद्धत, कारण, वेळ यांची नोंद करायची आणि दरमहा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा.

याच कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ खुंटलेल्या अवस्थेला वगळलेलं आहे. म्हणजे वरच्या टिपणातल्या मुलासाठी हे कलम थेट लागू होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे, छळाविरुद्ध तक्रारीची सोय आहे, शिक्षाही आहे. अटकाव कधी, कुणी, किती वेळ करायचा आणि तो कुठे लिहायचा याचा तपशील नाही. तो तपशील राज्याला नियम करून ठरवता येईल. महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. हे काम त्या विभागाचं आहे.

१९
ऑस्ट्रेलियात अटकावाचे पाच प्रकार नियमात मांडलेले आहेत: कोंडून ठेवणं, औषधानं आवरणं, साधनानं बांधणं, अंगबळानं धरणं, आणि वस्तू किंवा जागा मुलाच्या आवाक्याबाहेर कुलूपबंद ठेवणं. यातला कुठलाही वापरायचा तर लेखी योजना लागते, ती तयार करणाऱ्याची पात्रता तपासलेली असते, आणि वापर कळवावा लागतो. २०१९ च्या क्षमता-आराखड्यात योजना करणाऱ्यांच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्यानं वरिष्ठाच्या देखरेखीखालीच काम करायचं.

२०
२०११, इंग्लंड, ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू रुग्णालय. बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यानं बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांचा छळ दाखवला. अकरा कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, सहा तुरुंगात गेले. रुग्णालयाची नोंदणी होती, तपासणी होत होती. नोंदणी आणि तपासणी असतानाही असं घडू शकतं, हे विसरता कामा नये.

२१
१९९४, पुणे. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्यांना मासिक पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, हे कारण देण्यात आलं.

पाळीची स्वच्छता शिकवता येते. पॅडची घडी उघडणं, चड्डीला लावणं, काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, हात धुणं. प्रत्येक पायरीचं चित्र, रोज सराव, शेवटच्या पायरीपासून मागे येत शिकवणं. काही मुलींना महिने लागतात, काहींना वर्ष. काहींना कायम मदत लागते. ती मदत देणं हे माणसाचं काम आहे, आणि त्या माणसाला ते शिकवावं लागतं.

२२
ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. निवारा केंद्रातल्या एका स्वमग्न मुलाचे वडील सांगत होते: "रोजचं ताट नाही, रोजची खिडकी नाही, ट्यूबलाइट रात्रभर चालू. दोन रात्री तो किंचाळत होता. लोक म्हणायचे, पोराला वळण नाही. मी त्याला घेऊन मैदानात फेऱ्या मारत बसलो."

पूर पुन्हा येईल. केंद्रात एक कमी उजेडाची खोली आणि स्वयंसेवकांना एक तासाची माहिती, एवढी तयारी उन्हाळ्यात होऊ शकते.

२३
मुलाचा चावा बसला की काळजीवाहकाला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. संध्याकाळी "आज काय झालं?" असं विचारायला कुणी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला भरवायचं असतं. देखरेख या माणसासाठीही आहे.

२४
रिस्पेरिडोन. स्वमग्न मुलांमधल्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ मध्ये मान्य केलेलं औषध. काहींना त्याचा खरोखर उपयोग होतो. भूक आणि वजन वाढतं, सुस्ती येते. डॉक्टर तीन महिन्यांतून दहा मिनिटं मुलाला पाहतात. काळजीवाहक रोज दहा तास पाहतो. त्याची वही डॉक्टरांच्या टेबलावर पोचली, तर गोळी वाढवायची की दाढ दाखवायची हे ठरवणं सोपं जाईल.

२५
ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिक वर्गांत १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांत १५ मागे एक. महाराष्ट्रात २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर झाली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आता एका केंद्रातल्या अनेक शाळा फिरणाऱ्या या शिक्षकाला अडल्यावर कोण सांगणार, हेही त्याच आदेशांच्या मागोमाग ठरायला हवं.

२६
मे २०२१ मध्ये पुनर्वास परिषदेनं मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्यानं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. गावपातळीवर दिव्यांगांसोबत काम करणारे "दिव्यांग मित्र" तयार करण्यासाठी. माण-खटावमधल्या बारावी झालेल्या मुलींसाठी हे शिक्षण घराजवळ मिळालं, आणि नंतर दोन वर्षं कुणी त्यांच्या पाठीशी उभं राहिलं, तर या भागाचं चित्र बदलेल.

२७
एका संस्थाचालकांचं म्हणणं: "शिकवलं की माणसं सोडून पुण्याला जातात." खरं आहे. काळजीवाहकाचा पगार वाढल्याशिवाय त्याच्या प्रशिक्षणाला अर्थ नाही. दोन्ही एकाच प्रस्तावात मांडावं.

२८
जूनमध्ये मुलाचा प्रवेश घेणाऱ्या पालकांनी विचारायचे प्रश्न. कुठल्याही शाळेत, कुठल्याही थेरपी केंद्रात.

शिकवणाऱ्यांची नोंदणी आहे का? क्रमांक काय?
दिवसभर मुलासोबत प्रत्यक्ष कोण असेल? त्यांना कुणी शिकवलं, आणि शेवटचं कधी?
त्यांचं काम शेजारी बसून कोण पाहतं? किती दिवसांनी?
वर्तन बिघडलं तर आधी तब्येत पाहता का?
त्रासदायक वर्तनाची वही ठेवता का? मला वाचायला मिळेल?
तुम्ही माझ्या मुलासोबत जे करता, ते घरी करायला मला शिकवाल का?
मुलाला धरावं लागलं, बांधावं लागलं, खोलीत ठेवावं लागलं, तर ते कुठे लिहिता? त्याच दिवशी मला कळवाल का? आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून कोण, कुणासोबत बसून विचार करतं?